ओलुवा डोंगर चढते

आमच्या उत्तरेकडच्या थंड बेटावर, क्वाल्ब्याच्या बंदरावर पत्र्याची एक लांबोडी शेड आहे. समुद्रात सोडायच्या गळांना हिवाळाभर तिथं आमिष लावायचं काम चालतं. पाच-सहा माणसं टेबलांपाशी उभी असतात, रेडिओ कुरकुरत असतो, किटलीत कॉफी करपत असते आणि माकूल-बांगड्याच्या वासानं परक्या माणसाचा जीव दारातच नको नको होतो. ओलुवा तरुणपणी या शेडमध्ये आली आणि तिथलीच झाली. गळ उचलायचा, माकुलाचा तुकडा त्यात खुपसायचा आणि दोर वेटोळं घालत टबात सोडायचा, हे तिचे हात आपले आपण करत. तोंड मोकळं राही, आणि ते तर कधीच थांबत नसे.

अंगानं ती उंच, हाडापेरानं मोठी, आणि आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली तर खाडीतल्या होडीतला माणूस मान वळवून बघे. पण गेली काही वर्षं तिला दम्यानं धरलं होतं. नाक तर कायमचं चोंदलेलं. दोनदा नाकातले मांसाचे कोंब कापून काढले, दोन्ही वेळा ते पुन्हा वाढले.

"माझं बरंय," ती म्हणायची. "तुम्हाला हा वास येतो. मला बंदर आणि फुलबाग सारखीच."

"म्हणून तर तू हानुसशी संसार करतेस," शेजारच्या टेबलावरून बिर्ना म्हणायची. "तीस वर्षं मासेमारी करून त्याच्या अंगाला जो वास येतो, तो दुसऱ्या कुणी सोसला नसता."

बिर्ना म्हणजे तिची लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. पलीकडे येग्वान असे. वयानं सगळ्यांत मोठा, बोलायला सगळ्यांत कमी. गावच्या मेंढ्यांचं सगळं तोच बघायचा, त्यामुळे तो बोलला की बायकासुद्धा ऐकत.

त्या जानेवारीत ओलुवाच्या डाव्या पायाला काहीतरी झालं. पहिल्यांदा पोटरीत आग. कुणी निखारा धरावा तशी. मग एके दिवशी ती दारातून स्वयंपाकघरात आली तेव्हा हानुस वर्तमानपत्रातून मान काढून म्हणाला, "अगं, तुझी एक चप्पल दारातच राहिली."

तिनं खाली पाहिलं. डावा पाय उघडा. चप्पल कधी निसटली, तिला कळलंच नव्हतं.

"घाईत असेल," ती म्हणाली.

पण घाई रोजचीच झाली. पाऊल वर उचलायला गेलं की ते मेल्या माशासारखं खाली लोंबे. मग ती गुडघा उंच उचलून चालायला लागली, खोल बर्फातून चालावं तशी. शेडमध्ये बिर्नाच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"काय गं, पाय का आपटतेस? रात्री हानुसबरोबर नाचलीस वाटतं."

"हानुस नाचला तर घराचं छप्पर खाली येईल."

"मग डॉक्टरकडे जा."

शेजारच्या त्वोरोयरी गावच्या दवाखान्यात त्या दिवशी बदली डॉक्टर होता. भला माणूस. त्यानं पाठ दाबून पाहिली, पाय उचलायला लावला आणि सांगितलं की मणक्यातली गादी सरकली असणार. एवढी वर्षं उभ्यानं काम म्हटल्यावर दुसरं काय होणार? गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला. ओलुवानं व्यायाम नेटानं केला. रोज जमिनीवर आडवी पडून गुडघे छातीशी घ्यायची आणि हानुस कुत्र्यासकट तिला ओलांडून कॉफी करायला जायचा. आग काही कमी होईना.

मार्चमधली सकाळ होती. शेडमध्ये सगळे भराभर हात चालवत होते, कारण वादळ ओसरलं होतं आणि होड्या दुपारी सुटणार होत्या. ओलुवा काहीतरी सांगत होती आणि सगळे हसत होते. अचानक बिर्ना हसायची थांबली.

"ओलुवा. हात थांबव."

"का?"

"थांबव म्हणते ना! अगं, बोटात गळ आहे तुझ्या!"

ओलुवानं उजवा हात वर केला. करंगळीत गळ आरपार गेला होता, काटा दुसऱ्या बाजूनं बाहेर आला होता आणि रक्त मनगटावरून टबात ठिबकत होतं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. ते बोट तिचं होतं, पण दुखत नव्हतं. एवढंसंही नाही. तिनं दुसऱ्या हातानं गळ हलवून पाहिला. काही नाही.

आजवर या शेडमध्ये कितीतरी जणांच्या बोटात गळ शिरले होते आणि प्रत्येक वेळी शिव्यांनी पत्रा हादरला होता. आज मात्र टेबलांवरचे सगळे हात थांबले. येग्वाननं पक्कड आणली, काट्याचं टोक कापलं आणि गळ मागं ओढून काढला. ओलुवा ते सगळं दुसऱ्या कुणाच्या हाताचं चालल्यासारखं बघत होती.

"पाठीचा मणका बोटात आलाय का आता?" बिर्ना म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "उद्याच्या बोटीनं टोर्सहाव्नच्या मोठ्या इस्पितळात जायचं. मी येते बरोबर. आणि नाही म्हणालीस तर खांद्यावर टाकून नेईन."

दोघी स्मिरिल बोटीनं गेल्या. बोट लाटांवर वरखाली होत होती आणि ओलुवा मनात हिशोब करत होती. एक पाय गेला तर माणूस लंगडत जगेल. पण पाय आणि हात? उद्या काय जाईल? तिच्या डोळ्यांसमोर तिची एक आत्या येत होती, जी शेवटची वर्षं खिडकीशी खुर्चीत बसून होती आणि जिला दुसऱ्याच्या हातानं भरवावं लागे.

मोठ्या इस्पितळात तिला मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणजे तिशी-पस्तिशीची, केस आखूड कापलेली एक मुलगी. ओलुवानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आमच्या बेटांवर पहिल्यांदा विचारतात तेच विचारलं.

"तू कोणाची गं?"

"वॉग गावच्या एलियासची नात. मालान माझं नाव. आजोबांची बेकरी होती."

"बेकरीवाला एलियास! अगं, मग तुझी आजी माझ्या आईबरोबर मासे वाळवायला जायची. दोघींनी एकदा मुकादमाला ओल्या माशानं हाणलं होतं."

"घरी अजून सांगतात ते," मालान हसली. "चला, आता मोजे काढा."

तिनं लाकडी टोकानं पावलावर, पोटरीवर, बोटांवर टोचून पाहिलं. छोट्या हातोडीनं ठोकून पाहिलं. डाव्या पायाची वरची बाजू मुकी, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट मुकं, मधलं सगळं मात्र जागं. मालानचा चेहरा हळूहळू बदलत गेला. कोडं सुटायला लागलं की माणसाचा होतो तसा.

"दमा कधीपासून आहे?"

"दम्याचं काय मध्येच? मी पायासाठी आलेय."

"सांगा तरी."

"असेल सात-आठ वर्षं. म्हातारपणी कुणाला दमा लागतो का? पण मला लागला."

"आणि नाकात कोंब?"

ओलुवानं बिर्नाकडे पाहिलं. "हिला कुणी सांगितलं?"

"मी नाही बाई," बिर्ना म्हणाली.

"वजन उतरलंय? रात्री घाम येतो? नडगीवर हे जांभळे ठिपके कधी आले?"

एकेका प्रश्नाला ओलुवा हो म्हणत गेली. दम्यासाठी ती एका डॉक्टरकडे जाई, नाकासाठी दुसऱ्याकडे, पायासाठी तिसऱ्याकडे. ठिपके तर तिनं कुणाला दाखवलेच नव्हते. टबावर नडगी आपटली असेल म्हणून सोडून दिलं होतं. हे सगळं एकाच जागी, एकाच माणसापुढं आज पहिल्यांदा बोललं जात होतं.

रक्त तपासलं. दम्याच्या माणसात ज्या पांढऱ्या पेशी थोड्या जास्त असतात, त्या हिच्या रक्तात भरभरून वाहत होत्या. मग घोट्याजवळून एका बारीक मज्जातंतूचा तुकडा काढून तपासायला कोपनहेगनला पाठवला. हृदय तपासलं, मूत्रपिंड तपासलं; ती दोन्ही ठीक निघाली. उत्तर आलं तेव्हा मालान तिच्या पलंगाच्या कडेवर येऊन बसली. हानुसही आला होता, टोपी हातात घेऊन उभा.

"सापडलं," मालान म्हणाली. "याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. रक्तवाहिन्यांना सूज. तुमच्या पाठीला काही झालेलं नाही, आणि मज्जातंतूही मुळात आजारी नाहीत."

"मग ते मेले कसे?"

"मेले नाहीत. उपाशी आहेत." तिनं जरा विचार केला. "क्वाल्ब्याला जायला जुना बोगदा आहे ना, एक गाडी जाईल एवढाच? समजा त्या बोगद्याच्या भिंती आतून सुजल्या. दगड फुगून आत यायला लागले. आधी मोठा ट्रक अडेल, मग छोटी गाडी, मग सायकलसुद्धा. गावातली घरं तशीच उभी आहेत, माणसं तशीच आहेत, पण पाव पोचत नाही, दूध पोचत नाही. प्रत्येक मज्जातंतूला रक्त पोचवणाऱ्या अशाच केसासारख्या बारीक वाहिन्या असतात. त्या तुमच्या सुजल्यात. ज्या मज्जातंतूची वाट बंद झाली तो गप्प झाला. म्हणून एक पाय आणि दुसरीकडचं बोट. एका सरळ रेषेत काही नाही."

ओलुवानं आपल्या मुक्या करंगळीकडे पाहिलं.

"आणि दमा? नाक?"

"तेच. त्याच पेशी. आधी नाकात शिरल्या, मग फुफ्फुसात, आता वाहिन्यांच्या भिंतीत. सगळा एकच आजार आहे. वर्षानुवर्षं एकेक पाऊल टाकत आलाय."

"त्यांना कुणी बोलावलं होतं?"

"कुणी नाही. त्या शरीराची राखण करायला असतात. तुमच्यात त्या घरच्यांवरच उठल्यात. का, ते मला माहीत नाही. खरं सांगायचं तर अजून कुणालाच नीट माहीत नाही."

ओलुवाला हे आवडलं. जी माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगते, तिच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छातीवरचा एक धोंडा उतरला होता. जानेवारीपासून तिला वाटत होतं की तिचं अंग तुकड्या-तुकड्यानं मरतंय, कुठून कसंही. आता त्याला नाव होतं, वाट होती, कारण होतं. शत्रूचा चेहरा दिसला होता.

"बोगदा मोकळा होईल?" तिनं विचारलं.

"होईल. सूज उतरवायची औषधं जोरदार आहेत. आजच सुरू करू. पण उपाशी माणूस जेवला म्हणून लगेच उठून पळत नाही. मज्जातंतू पुन्हा वाढतो तो फार सावकाश, नख वाढावं तसा. आणि काही घरं कायमची रिकामी झालेली असतील. किती, ते आज सांगता येणार नाही."

"नखं माझी भराभर वाढतात," ओलुवा म्हणाली. हानुस टोपी चुरगाळत हसला आणि मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

औषधं खरोखरच जोरदार होती. पहिल्याच आठवड्यात छाती मोकळी झाली आणि नाक उघडलं. एके सकाळी ती इस्पितळाच्या बाकावर बसली असताना तिला कॉफीचा वास आला. ती रडायलाच लागली. परिचारिका धावत आली. "काय झालं? दुखतंय?"

"नाही गं. तुमची कॉफी किती वाईट आहे ते आज कळलं."

पण त्यापुढचा उन्हाळा कठीण गेला. स्टेरॉइडनं चेहरा भाकरीसारखा फुगला, झोप उडाली. भूक अशी की हानुससाठी झाकून ठेवलेलं वाळवलेलं मटण ती उभ्या उभ्या संपवून टाकी. राग नाकावर बसलेला. हानुसनं बटाटे कच्चे ठेवले म्हणून तिनं एकदा पातेलं सिंकमध्ये आदळलं आणि मग स्वतःच हमसून हमसून रडली. त्यात अधूनमधून टोर्सहाव्नला जाऊन सलाइनमधून दुसरं औषध घ्यायचं, बोटीतून परत यायचं आणि पुढचे दोन दिवस मळमळत काढायचे. पाय लोंबकळतच होता. हात गळ धरू शकत नव्हता. शेडवरून जाताना ती मान दुसरीकडे वळवी.

हानुसनं या काळात एक शब्द उलटा काढला नाही. रोज सकाळी तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसे, तिचा बूट चढवे आणि नाडी बांधे. त्याला गाठी फक्त होडीच्या दोराच्या मारता येत. सोडताना त्याही तशाच सोडाव्या लागत, दोन्ही हात लावून, शिव्या घालत.

"हा बूट आता लाटेत वाहून जाणार नाही," ओलुवा म्हणे.

"तूही जाणार नाहीस," हानुस म्हणे आणि उठून चहा ठेवायला जाई.

त्वोरोयरीला व्यायाम शिकवणारा तेइतुर नावाचा एक जण होता. लालसर दाढी, हातात सतत सफरचंद. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "काय करायचंय तुम्हाला?"

"चालायचंय."

"ते सगळ्यांनाच. कुठं जायचंय चालत?"

ओलुवाला असं कुणी विचारलं नव्हतं. खिडकीबाहेर डोंगर होता, अर्धा ढगात गेलेला. ऑक्टोबरात सगळं गाव तिथं चढतं, रांग धरून मेंढ्या खाली आणतं. लग्नाआधीपासून ती त्या रांगेत होती. या वर्षीची रांग तिच्याशिवाय जाणार होती.

"तिथं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी. मेंढ्या आणायला."

तेइतुरनं डोंगराकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे पाहिलं आणि सफरचंदाचा एक घास घेतला. "ओल्या गवतावर? उतारावर?"

"नाही, डांबरी रस्त्यावर. मेंढ्या गाडीनं येतात आमच्याकडे."

"बरं बरं," तो हसला. "मग आपल्याला बरंच काम आहे."

त्यानं तिच्या बुटात बसेल अशी काळी पातळ पट्टी करवून घेतली. ती पाऊल वर धरून ठेवी, लोंबू देत नसे. पट्टी घालून पहिल्यांदा चालली तेव्हा ओलुवा खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "चप्पल निसटली नाही." तेइतुरला त्यात एवढं काय ते कळलं नाही. मग ती रोज चालली. आधी घराभोवती, मग चर्चपर्यंत, मग बंदरापर्यंत. पावसात चालली, वाऱ्यात चालली, पडली तेव्हा उठून चालली. पट्टी काढून घरात बसली की डोळे मिटून अंगठ्याला हुकूम द्यायची: वर. अंगठा ऐकत नसे. ती पुन्हा द्यायची.

डिसेंबरात एके दिवशी न्याहारीच्या वेळी ती अशीच बसली होती. पाय समोरच्या खुर्चीवर. हानुस पावाला रुबार्बचा जॅम लावत होता.

"हानुस."

"हं."

"खाली बघ."

त्यानं पाहिलं. अंगठा पडल्या पडल्या जरासा वर आला. एवढासाच, जणू कुणी चादरीखालून ढकललं. मग पडला. मग पुन्हा वर आला.

हानुसनं सुरी खाली ठेवली. तो उठला, कोट न घालता, मोज्यांनिशीच दार उघडून बाहेर गेला आणि थोड्या वेळानं बिर्नाला दंडाला धरून घेऊन आला. बिर्नाच्या केसांत रोलर्स होते.

"घराला आग लागली का?" बिर्ना ओरडत होती. "हा काही सांगेचना!"

"बस," ओलुवा म्हणाली. "आणि गप्प राहा. त्याला लाज वाटते."

अंगठा पुन्हा हलला. बिर्नानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. आणि मग जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारचे आले, शेजारच्यांच्या मागून त्यांची पोरं आली, दुपारपर्यंत शेडमधली सगळी माणसं आली. आमच्या बेटांवर दार वाजवायची पद्धत नाही. माणूस आत येतं आणि बसतं. नवीन जन्मलेलं बाळ बघायला यावं तशी माणसं अंगठा बघायला येत होती. कुणी केक आणला, कुणी मासे. येग्वान सगळ्यांत शेवटी आला. वाकून, चष्मा सरसावून त्यानं अंगठा बघितला आणि म्हणाला, "कोकरू चांगलंय. जगेल."

सगळ्या वर्षात ओलुवा इतकी हसली नव्हती.

वसंतात ती शेडमध्ये परतली. करंगळी मुकीच राहिली होती, पण हाताची पकड आली होती. तिनं गळ धरायची नवी तऱ्हा बसवली, अंगठा आणि मधली दोन बोटं. बोट आता आपलं आपण सांगत नव्हतं, म्हणून तिनं डोळ्यांनी राखायचं शिकून घेतलं. सुरुवातीला तिचा टब सगळ्यांच्या मागं असे.

"दुपारपर्यंत संपेल ना?" बिर्ना विचारी. "का मासे थांबवायला सांगू?"

"तुझं तोंड थांबव, तेवढ्यानं माझा अर्धा टब होईल."

मालाननं गोळ्या कमी केल्या होत्या. आता दर महिन्याला पोटात एक इंजेक्शन असे, त्या पेशींना लगाम घालणारं. आजार गेला नव्हता; तो झोपलेला होता, आणि त्याच्यावर नजर ठेवायची होती. ठिपके दिसले, नवी आग उठली, दम वाढला तर वाट न बघता फोन करायचा, हे ओलुवानं पाठ करून ठेवलं होतं आणि हानुसकडूनही करून घेतलं होतं. बदली डॉक्टरसुद्धा एकदा दवाखान्यात भेटला. तो तिला ओळखून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्यानंतर मी प्रत्येक लोंबत्या पायाच्या माणसाला विचारतो, दमा आहे का?" ओलुवानं त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला.

आणि ऑक्टोबर आला.

सकाळी सगळे कुंपणाच्या फाटकाशी जमले. कुत्री दोऱ्या ताणत होती. डोंगरमाथा स्वच्छ होता, पण गवत चिंब. येग्वान काठीवर रेलून प्रत्येकाला जागा वाटत होता: तरुण पोरं वर कड्याखाली, त्यांच्या खाली बायका-पुरुष, हाकेच्या अंतरावर एकेक जण.

"ओलुवा, तू खाली मेंढ्यांच्या वाडग्यापाशी. कॉफी बघ."

"कॉफी स्वतःला बघेल. मी वर येणार."

"मग ओढ्याजवळ, खाली. तिथं सपाट आहे."

"तिथं म्हातारी माणसं उभी राहतात."

"अगं, हट्ट कशाला?" हानुस हळूच म्हणाला. "पाय घसरला तर?"

"घसरला तर बसेन. बसलेलं माणूससुद्धा मेंढी अडवतं." तिनं येग्वानकडे पाहिलं. "मधल्या रांगेत. तो दरा आहे ना, त्याच्या तोंडाशी. तिथं मी वीस वर्षं उभी राहिलेय."

येग्वाननं तिच्या बुटाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. "हानुसच्या शेजारी," तो म्हणाला. "आणि तो म्हणेल तिथं थांबायचं."

"तो म्हणेल तिथं मी उभ्या जन्मात थांबले नाही," ओलुवा म्हणाली आणि फाटक उघडून पहिली आत गेली.

चढण जीव घेणारी होती. प्रत्येक पाऊल ती बघून टाकत होती: आधी काठी, मग उजवा, मग डावा. डावा पाय खालची जमीन सांगत नव्हता, म्हणून काठीला विचारायचं. दोनदा गुडघ्यावर आली. पण एक गोष्ट तिला अर्ध्या वाटेत लक्षात आली आणि ती तिथंच थांबली. छाती वाजत नव्हती. इतकी वर्षं या चढावर ती शिट्टीसारखी वाजायची. आज हवा आत जात होती, खाली तळापर्यंत, थंड आणि गवताच्या वासाची. गवताला वास असतो हे ती विसरूनच गेली होती.

"दुखतंय?" वरून हानुस ओरडला.

"नाही! वास घेतेय!"

दुपारी वरून हाका सुटल्या. डोंगराच्या खांद्यावरून मेंढ्या उतरायला लागल्या. काळ्या, करड्या, पांढऱ्या, झुंडीझुंडीनं. रांग खाली सरकू लागली. सगळं ठीक चाललं होतं. आणि मग एक जुना, वाकड्या शिंगांचा मेंढा थबकला. त्यानं मान वर केली, डावीकडे दऱ्याकडे पाहिलं आणि उसळला. त्याच्यामागं तीस-चाळीस मेंढ्या वळल्या. त्या दऱ्यातून एकदा पलीकडच्या उतारावर गेल्या की दिवसभराची मेहनत पाण्यात. दऱ्याच्या तोंडाशी हानुस असायला हवा होता, पण तो दुसऱ्या झुंडीमागं वर गेला होता. तोंडाशी फक्त ओलुवा होती.

पळणं तिला शक्य नव्हतं. तिनं पळायचा विचारही केला नाही. ती तीन-चार पावलं आडवी सरकली, दऱ्याच्या नेमकी मधोमध आली, दोन्ही पाय फाकून काठी आडवी धरली आणि छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली.

तो आवाज खाली बंदरापर्यंत ऐकू गेला असं नंतर लोक सांगत. शब्द काही नव्हता. नुसती हाक, डोंगरावर आदळून परत येणारी. मेंढा तिच्यासमोर दहा हातांवर पाय रोवून थांबला. मागच्या मेंढ्या त्याच्यावर आदळल्या. तो तिच्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे.

"ये ना," ती त्याला म्हणाली, आता हळू आवाजात. "ये. बघू कोणाचे पाय जास्त घट्ट आहेत."

मेंढ्यानं खूर आपटला. ओलुवा एक पाऊल पुढं आली, डावं. ओल्या गवतावर पाऊल पडलं, पट्टीनं ते धरलं, ते घसरलं नाही. ती दुसरं पाऊल पुढं आली. मेंढा वळला. आणि तो वळला तसे सगळे वळले. उतारावरून लोकरीचा लोंढा खाली, वाडग्याच्या दिशेनं सुटला.

वरून हानुस धडपडत, घसरत आला. तो धापा टाकत होता. "तू... मी बघत होतो... तू हललीच नाहीस!"

"हलायचं कशाला?" ओलुवा म्हणाली. तिला धाप लागली नव्हती.

वाडग्यात मेंढ्या कोंबून भरल्या होत्या, त्यांच्या अंगांची वाफ वर उठत होती. बिर्नानं भिंतीवरून कॉफीचा पेला तिच्या हातात दिला आणि तिच्या पाठीवर जोरात थाप मारली. येग्वान गर्दीतून वाट काढत आला. आता कानावरची मालकाची खूण बघायला तो वाकड्या शिंगांचा मेंढा धरायचा होता.

"कोण धरतंय याला?" त्यानं विचारलं.

ओलुवानं पेला हानुसच्या हातात दिला, भिंत ओलांडून आत उतरली आणि मेंढ्याची दोन्ही शिंगं दोन्ही हातांत घट्ट पकडली. मेंढ्यानं हिसडा दिला. तिनं सोडलं नाही.

"पुढच्या वर्षी," येग्वान म्हणाला, "कड्याखालच्या रांगेत कोणीतरी मोठ्या आवाजाचं पाहिजे."

"बघू," ओलुवा म्हणाली. "आधी याच्या कानाची खूण बघा. हात दुखायला लागलेत माझे." आणि मग ती मोठ्यानं हसली. "ऐकलंत का रे? दुखायला लागलेत!"